तोंड मिटून पळ

सहदेव सकपाळच्या मुलीचं नाव प्रियदर्शिनी. बारशाला हे नाव वाडीत सगळ्यांना आवडलं होतं. ती पाय टाकायला लागली तेव्हा अडचण लक्षात आली. पूर्ण नावाने हाक मारून होईपर्यंत पोरगी विहिरीच्या पलीकडे गेलेली असे. मग तिच्या आईने, उज्वलाने, नाव कापून दर्शू केलं. तेव्हापासून निदान विहिरीच्या अलीकडे तरी ती सापडू लागली.

पोलादपूर सोडून कशेडी घाट चढायला लागतो, त्या पहिल्या वळणाखाली त्यांची बौद्धवाडी. वाडीत दर्शूची ख्याती होती ती पळण्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी. शाळेत शंभर मीटरच्या शर्यतीत ती दरवर्षी शेवटून पहिली येई. कारण साधं होतं. शिट्टी वाजायची तेव्हा शेजारच्या मुलीला सांगायला घेतलेलं तिचं वाक्य अर्ध्यावर असायचं, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून पळणं तिला बरं वाटत नसे.

सहदेव महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात कामाला. पहिल्या पाळीची कंपनीची बस फाट्यावर यायची तेव्हा नीट उजाडलेलंही नसे. सहदेव वेळेचा पक्का होता, पण विसरभोळा. कधी चष्मा, कधी कार्ड, कधी डबा. त्या दिवशी डबा राहिला.

"दर्शू, पप्पांचा डबा!" उज्वला ओरडली.

दर्शू तेव्हा अकरावीला होती आणि चूळ भरत होती. तशीच डबा उचलून, पायात चपला अडकवून ती उतारावरून धावली. फाट्यावर पोचली तर बस सुटलेली. दुसरी एखादी मुलगी घरी परतली असती. दर्शूला ते सुचलंच नाही. बस पुढे दिसतेय, बसमध्ये पप्पा आहेत, हातात डबा आहे, म्हणजे पळायचं.

बस चालवत होता जुल्फिकार. महाडचा माणूस, वीस वर्षं ट्रक चालवून मग कंपनीच्या बसवर आलेला, आणि गमतीशिवाय ज्याचा दिवस सुरू होत नाही असा. त्याला आरशात ती दिसली. त्याने गाडी हळू केली. दर्शू जवळ आल्यावर किंचित वेग वाढवला. पुढच्या फाट्यावर माणसं चढेपर्यंत ती पुन्हा जवळ आली. त्याने पुन्हा गिअर टाकला. झोपेत डुलणारी अख्खी पाळी जागी झाली. मागच्या काचेशी गर्दी जमली. "सहदेव, तुझी पोर हाय रे!" असं कोणीतरी म्हणालं तोवर पोलादपूर आलं होतं. सहदेवने "थांबव, थांबव" केलं, पण मनापासून केलं का, याबद्दल बसमध्ये आजही दोन मतं आहेत.

स्टँडवर बस थांबली. दर्शूने दारात पाय ठेवला आणि सुरू केलं.

"पप्पा, डबा तुमचा, भूक तुमची, आनि पळायचं मी? वांग्याचा रस्सा हाय, आडवा धरू नका, मी सगळी वाट उभा धरून आनलाय. येताना मीठ आना, खडं आना, बारीक नको, गेल्या टायमाला बारीक आनलंत तर आई दोन दिवस बोलत व्हती. आनि चाचा, तुमाला आरशात दिसत नाय का? दिसत नसंल तर आरसा पुसा. दिसत असंल तर मग काय बोलू मी तुमाला!"

जुल्फिकारने इंजिन बंद केलं आणि मान वळवून तिच्याकडे बघत राहिला. घामाने ती चिंब झाली होती. पण शब्द कुठे अडत नव्हता, तुटत नव्हता.

"सहदेव," तो म्हणाला, "ह्या पोरीला दम लागत नाय?"

"दम ऐकनाऱ्याला लागतो, जुल्फीभाय," सहदेव म्हणाला.

बस हसली. जुल्फिकार मात्र हसला नाही. त्याची भाची सुम्बुल महाडला होती. लांब पल्ल्याच्या शर्यतीत जिल्ह्यात पहिली यायची. तिला मैदानावर नेणं-आणणं यानेच केलेलं, त्यामुळे पळण्यातलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं मत होतं. यातलं निम्मं तरी खरं असावं. कारण त्याच आठवड्यात तो दर्शूच्या कॉलेजात गेला आणि खेळाच्या अश्वजित सरांना गाठून म्हणाला, "सर, तुमच्याकडं एक पोरगी हाय. तिला शंभर मीटरला उभी करू नका. तिला सकाळी सोडा आनि जेवायला परत बोलवा."

अश्वजित सर भला माणूस. स्वतः ते कधी पळाले नव्हते, पोटही त्यांना पळू देत नव्हतं, पण मोबाइलवर बघून बघून त्यांनी बरंच ज्ञान जमवलं होतं. त्यांनी दर्शूला मैदानाला दहा फेऱ्या मारायला सांगितल्या. ती मारत असताना ते मोजायचे विसरले, कारण प्रत्येक फेरीला ती त्यांच्यासमोरून जाताना काही ना काही सांगून जाई आणि पुढचं ऐकायला ते थांबून राहत. शेवटी त्यांनी शिट्टी वाजवली.

"प्रियदर्शिनी, तुझ्यात दम आहे. पण तो सगळा तोंडावाटे वाया चाललाय. आजपासून तोंड मिटून पळायचं. श्वास नाकाने."

"पूर्ण वेळ, सर?"

"पूर्ण वेळ."

दर्शूने खूप मोठ्या माणसाचं ऐकावं तसं ऐकलं.

बसमध्ये इकडे समितीच स्थापन झाली होती. सहदेव रोज बसमध्ये चढला की विचारपूस सुरू व्हायची. एकाने सांगितलं, नाचणीची आंबील द्या. दुसऱ्याने कच्ची अंडी सांगितली. पॅकिंगमधल्या महिपतने सांगितलं, भिजवलेले चणे मूठभर, आणि वर गूळ. सहदेव हे सगळं घरी आणून ओतायचा. दर्शूने एका रविवारी सगळ्यांचं एकदमच ऐकलं आणि सोमवारी तिला जे काही पळावं लागलं ते मैदानावर नव्हतं. त्यानंतर उज्वलाने नवऱ्याला बजावलं, की बसमधलं बसमध्ये ठेवायचं. घरात भात शिजतो, तो ती खाईल.

जिल्ह्याची स्पर्धा अलिबागला होती. तीन हजार मीटर. दर्शूने पहिल्यांदाच आखलेली धावपट्टी पाहिली. ओळीत उभी राहिली तेव्हा शेजारच्या मुलीशी बोलावं असं फार वाटलं, पण सरांनी लांबून ओठांवर बोट ठेवून दाखवलं. शिट्टी झाली. दर्शू तोंड मिटून पळाली.

काय झालं ते तिला नंतर कोणाला नीट सांगता आलं नाही. पाय होते, रस्ता होता, पण आत शब्दांची रास साठत गेली, जणू पोटात कोणी चिरे रचत होतं. पुढची मुलगी डोलत पळतेय ते सांगायचं होतं, ते राहिलं. समुद्राचा वास येतोय, तो राहिला. दुसऱ्या फेरीला तिला शिंक आली, तीसुद्धा तिने दाबली. ती सातवी आली. पहिली आली ती महाडची सुम्बुल. उंच, सरळ, मनगटावर काळं घड्याळ, आणि चेहऱ्यावर एक रेषही हललेली नाही.

हरल्याचं दुःख विसरून दर्शू तिला भेटायला धावली. "किती छान पळतेस तू! चाचांनी सांगितलेलं मला, पन मला वाटलं चाचा फेकतायत..."

"थँक्यू," सुम्बुल म्हणाली, घड्याळात बघितलं, आणि निघून गेली.

एवढाच एक शब्द. दर्शूला सातव्या नंबरापेक्षा तो जास्त लागला. घरी आल्यावर ती जेवली नाही. माजघरात आडवी पडून म्हणाली, "मी आता पळनार नाय."

उज्वला तांदूळ निवडत होती. "बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पळताना काय झालं तुला?"

"काय नाय. तोंड मिटून पळाले."

"किती येळ?"

"सगळी रेस."

उज्वलाचा हात थांबला. "अगो बाय," ती म्हणाली, "आजारी पडली असतीस ना!"

दर्शूला हसू आलं, मग रडू आलं, मग भूक लागली. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली नाही. ती जुन्या घाटाने वर पळत गेली.

घाटाखालून नवा बोगदा सुरू झाल्यापासून जुना घाट बराच मोकळा झाला होता. पूर्वी जिथे ट्रकच्या रांगा धापा टाकत असायच्या तिथे आता माकडं बिनधास्त रस्त्यात बसत. दर्शू पळताना त्यांच्याशी बोले. पावसाळ्यात एकदा दरड आली तेव्हा माती उपसणाऱ्या माणसांशी बोले. "काका, माझी वाट तेवढी आधी मोकळी करा" असं वर जाताना सांगे, आणि परत येताना काम किती झालं त्याचा हिशेब घेई. कोणी नसेल तेव्हा स्वतःशीच बोले. चढ चढताना वाक्यं आखूड होत, सपाटीला लांब होत, उताराला तर काय, थांबतच नसत. जुल्फिकार सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल घेऊन तिच्या मागे राहायचा. खाली येऊन त्याने सहदेवला सांगितलं, "घाटमाथ्यापर्यंत तिनं मला तुझ्या लग्नाची गोष्ट सांगितली. तू वरातीत हरवला होतास म्हणे."

"हरवलो नव्हतो. चप्पल शोधत व्हतो," सहदेव म्हणाला.

थंडी पडू लागली तशी क्रॉसकंट्रीची निवड आली. या खेपेला ती महाडलाच होती. मैदानातून निघायचं, साव गावाच्या बाजूला नदीकाठच्या वाटेने जायचं आणि शेतातून वळसा घेऊन परत यायचं. ज्या दोघी पहिल्या येतील त्या राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. सरांनी आदल्या दिवशी बजावलं, "तोंड मिटून." आईने सकाळी निघताना सांगितलं, "मोकळेपनानं पळ गो." दर्शूने दोघांचं ऐकायचं ठरवलं. पहिल्या वळणापर्यंत सरांचं ऐकलं, कारण तिथपर्यंत सर दिसत होते.

वळणानंतर बाकीच्या मुली मागे पडू लागल्या. पुढे फक्त सुम्बुल होती. दर्शू तिच्या खांद्याला खांदा लावून आली.

"तू सुम्बुल ना? अलिबागला भेटलेलो आपन. तू थँक्यू बोलून गेलीस. राग नाय हां मला."

सुम्बुल समोर बघत पळत राहिली.

"बूट छान हायत. अब्बांनी पाठवले काय परदेशातून? चाचा सांगत व्हते, तिकडं नोकरीला हायत. माझे बाजारातले हायत, एक पाय जरा चावतो. पन सवय झाली आता त्याला माझी."

"बोलू नकोस," सुम्बुल म्हणाली.

"बोललीस!" दर्शूला खरोखर आनंद झाला. "बरं, तू नको बोलू. मी सांगते. आमच्या वाडीतल्या गीताबाईंची म्हस बोगद्यात शिरली ते म्हायत हाय तुला?"

सुम्बुलने वेग वाढवला. दर्शूला वाटलं, हिला गोष्ट आवडली. तिनेही वाढवला.

"तवा बोगदा चालू झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी कोन मोठा मानूस येनार म्हनून दारात फीत बांधलेली. आनि ही म्हस सकाळी चरता चरता गेली आनि फीत शिंगाला घेऊन सरळ आत! उद्घाटनच झालं. मागून टोप्या घातलेले इंजिनेर. त्यांना वाटतंय ती भिईल, थांबंल. ती कशाला थांबते? आत लाइटी, गार हवा. गीताबाई ह्या तोंडाशी उभी. साहेब तिला बोलतो, बाई, आत चला, हाक मारा. गीताबाई बोलते, मी नाय येनार, पलीकडं रत्नागिरी जिल्हा लागतो, आनि तिकडं माझ्या सुनेचं माहेर हाय!"

सुम्बुलचे खांदे हलल्यासारखे झाले. तिने दात आवळून घड्याळात पाहिलं. ठरवलेल्या वेगापेक्षा ती कितीतरी जोरात पळत होती. हळू केलं तर ही मुलगी पुढे जाणार, आणि जोरात पळावं तर ही म्हशीसकट शेजारी. नदीकाठ संपला, शेतं आली, बांधावरून उड्या मारतानाही बाजूने आवाज येतच होता. "आता बग, बोगद्याच्या मध्यात ती थांबली..." तेवढ्यात मैदानाचं फाटक दिसलं. सुम्बुल उसळी मारून निघाली. दर्शूने वाक्य अर्ध्यावर सोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच सोडलं. आणि ती तिच्या मागे सुटली. दोघींमध्ये हातभर अंतर राहिलं. सुम्बुल पहिली, दर्शू दुसरी. तिसरी मुलगी फाटकातून आत आली तोवर या दोघी पाणी पिऊन मोकळ्या झाल्या होत्या.

पाणी पिऊन सुम्बुल तडक पंचांकडे गेली. रागाने तिचे कान लाल झाले होते.

"सर, ही पूर्ण रेसभर बोलत होती."

पंच वयस्कर होते. त्यांनी चष्मा सारखा केला. "शिव्या दिल्या?"

"नाही."

"धक्का मारला?"

"नाही. म्हशीबद्दल बोलत होती."

पंचांनी बाजूच्या दुसऱ्या पंचांकडे पाहिलं. दोघांनी थोडा विचार केला. "म्हशीबद्दल बोलू नये असा नियम दिसत नाही, बेटा," ते म्हणाले. "आणि हे बघ, इतकं जोरात तू आजवर कधीच पळाली नव्हतीस."

जुल्फिकार मागे उभा राहून तोंडावर रुमाल धरून खोकत होता. तो खोकला नव्हता. अश्वजित सर तोवर जमलेल्या लोकांना समजावत होते, की बोलत बोलत पळणं ही एक नवी पद्धत आहे, मोबाइलवर तिच्याविषयी बरंच बघायला मिळतं, आणि त्यांनी दर्शूकडून ती खास करून घेतली होती. दर्शूने त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी मोठ्या उत्साहाने दुसऱ्याच कोणाला तरी हात केला.

मंडपात चिक्की वाटत होते. दर्शू एका खुर्चीवर बूट काढून बसली होती. सुम्बुल आली, शेजारच्या खुर्चीवर बसली, बराच वेळ चिक्कीचा कागद उलगडत राहिली. मग समोर बघतच म्हणाली, "पलीकडून निघाली का ती?"

"कोन?"

"म्हैस."

"निघाली ना! रत्नागिरी जिल्ह्यात निघाली. पन परत बोगद्यातून यायला तयार नाय. शेवटी टेम्पोत घालून जुन्या घाटानं आनली. फीत शिंगाला तशीच."

सुम्बुल हसली. ती हसताना सगळी हसायची, खुर्चीसकट. दर्शूला ते बघून इतकं बरं वाटलं की ती थोडा वेळ गप्प बसली.

राज्याच्या स्पर्धेला दीड महिना होता. त्या दिवसापासून दोघी एकत्र पळू लागल्या. रविवारी जुल्फिकार भाचीला मोटारसायकलवरून घाटाखाली आणून सोडायचा. मधल्या दिवसांत कॉलेज सुटल्यावर दर्शू महाडला जायची आणि दोघी सावपर्यंत पळत जायच्या. सुम्बुलने तिला घड्याळावर वेग मोजायला शिकवलं. सुरुवात हळू करायची, मग वेग धरायचा, शेवटी जे उरेल ते सगळं टाकायचं. हे दर्शूला पटायला वेळ लागला, कारण तिच्या मते जे काही आहे ते आधीच सांगून टाकलेलं बरं. सुम्बुलने आपला जुना बुटांचा जोड तिला दिला. तो जरा मोठा होता, म्हणून दर्शू दोन मोजे घालायची. सुम्बुलची आई शरिफा दोघींना खजूर द्यायची आणि दर्शूचं बोलणं ऐकत दारात उभी राहायची. "आमच्या घरात आता कुठे जरा आवाज झाला," ती एकदा म्हणाली.

सावला गरम पाण्याची कुंडं आहेत. पळून झालं की दोघी तिथे पाय सोडून बसायच्या. एकदा तिथे सुम्बुल आपणहून बोलली.

"अब्बांचा फोन येतो ना शुक्रवारी, तेव्हा आधी दादी बोलते, मग अम्मी, मग भाई. माझी पाळी येईपर्यंत सगळं सांगून झालेलं असतं. मग मी सांगते, मी ठीक आहे. लहानपणापासून तेच सांगते. सवय झाली."

दर्शूकडे यावर सांगण्यासारखं खूप होतं. तिने फक्त पाण्यातला पाय तिच्या पायाला लावला. मग पुढच्या शुक्रवारी ती मुद्दाम सुम्बुलच्या घरी गेली, आणि फोन वाजल्यावर दादी उठायच्या आत तो उचलून म्हणाली, "काका, मी दर्शू, पोलादपूरची. आज आधी सुम्बुल बोलनार हाय." दादी आठवडाभर तिच्यावर रुसली होती.

राज्याची स्पर्धा नाशिकला झाली. तिथली थंडी वेगळीच होती, कानातून डोक्यात शिरणारी. आणि तिथल्या मुली! बारीक, काटक, उन्हाने रापलेल्या, आणि सुरुवातीपासून अशा सुटल्या की जणू मागून कोणी हाकलतंय. दर्शूने पहिल्या फेरीत एकीला "कुठली गो तू?" असं विचारलं. उत्तर द्यायला ती मुलगी तिथे नव्हतीच.

दुसऱ्या फेरीत दर्शूने तोंड उघडलं आणि तिला कळलं, की आत शब्द नाही. नुसती हवा, तीही अपुरी. घाटात कधी झालं नाही ते झालं होतं. मुली एकेक करून बाजूने जात होत्या. पाय जड झाले, डोळ्यांत पाणी आलं, आणि थांबावं असं पहिल्यांदा मनात आलं. अलिबागला तिला कोणी गप्प केलं होतं. इथे ती आपोआप गप्प झाली होती, आणि ते जास्त भीतीचं होतं.

सुम्बुल तिच्या थोडी पुढे होती. मागचा आवाज बंद झालेला तिला जाणवला. तिने वळून पाहिलं, वेग जरासा कमी केला आणि दर्शू शेजारी आल्यावर म्हणाली, "आमच्याकडे नवीन फ्रीज आलाय."

दर्शूने तिच्याकडे पाहिलं.

"दोन दारांचा आहे," सुम्बुल धापा टाकत म्हणाली. तिला गोष्ट सांगायची सवयच नव्हती. "वरच्या दारात बर्फ होतो." बराच वेळ नुसते पाय वाजले. "खालच्या दारात भाजी ठेवतात."

इतकी कंटाळवाणी गोष्ट दर्शूने जन्मात ऐकली नव्हती. तिला हसू फुटलं, हसताना ठसका लागला, ठसक्याबरोबर अडकलेला श्वास सुटला. पाय हलले. ती सुम्बुलच्या बरोबरीने पळू लागली.

"मग?" तिने कसंबसं विचारलं.

"मग काही नाही. दार नीट लागत नाही त्याचं."

सुम्बुल अकरावी आली, दर्शू एकोणिसावी. संघात पहिल्या सहा जणी घेतल्या, त्यात या दोघी नव्हत्या. दोघी गवतावर पडून आकाशाकडे बघत असताना डोक्यावर टोपी घातलेल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. तिथल्या मुलींना शिकवणाऱ्या त्या प्रशिक्षक होत्या.

"दुसऱ्या फेरीत बोलत होतं कोण?"

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

बाई हसल्या नाहीत. "सराव कुठे करता?"

"घाटात," दर्शू म्हणाली. "बोलत बोलतच करतो. चूक हाय काय?"

"सरावाला चूक नाही. रोजचं पळणं बोलता येईल इतपतच ठेवावं. पण शर्यतीत बोलायला दम उरला, तर तितकं कमी पळालात असं समजा." त्यांनी दोघींच्या पायांकडे निरखून पाहिलं. "उन्हाळ्यात इथे दोन महिने शिबिर असतं. घरी विचारून या."

महाडच्या स्टँडवर सहदेव मोटारसायकल घेऊन आला होता. दर्शू मागे बसली आणि काही बोलली नाही. सहदेवने वाट पाहिली. गाव मागे पडलं, मोठा रस्ता लागला, तरी मागून आवाज नाही. इतकी वर्षं ज्या बडबडीला त्याने नावं ठेवली होती ती बंद झाल्यावर त्याला हँडल धरवेना.

"एकोनीस काय वाईट नंबर नाय," तो म्हणाला. उत्तर नाही. "बसमधले बोलत व्हते, आपल्या तालुक्यातनं आजपर्यंत कोन गेलंच नव्हतं तिथं." उत्तर नाही. "महिपत बोलला, चने बंद केले म्हनून झालं."

"पप्पा," दर्शू म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

त्याने घेतली. तिने शिबिराचं सांगितलं. न थांबता, पण सावकाश, एकेक शब्द ठेवून सांगितलं. तिथल्या मुली कशा पळतात, आपल्याला कुठे कमी पडलं, बाई काय म्हणाल्या, आणि आपल्याला जायचं आहे.

सहदेव पेट्रोलच्या टाकीवरची धूळ बोटाने पुसत राहिला. "दोन म्हयने?"

"दोन म्हयने."

"घर केवडं शांत होईल गो," तो म्हणाला. हे त्याने मोठं सुख सांगावं तसं सांगितलं, पण सांगताना रस्त्याकडे बघत होता. मग गाडीला किक मारली. "आईला मी सांगतो. तू सांगू नको, तू सांगशील तर सकाळ होईल."

उज्वलाने फार विचारलं नाही. नाशिकला भात मिळतो का एवढं विचारलं, आणि मिळतो म्हटल्यावर बरोबर लोणचं बांधून दिलं. दर्शू आणि सुम्बुल उन्हाळ्यात दोन महिने तिथे राहिल्या. काळ्या होऊन, वजन घटवून आणि तिथल्या मुलींच्या बोलीतली दोन-चार वाक्यं शिकून आल्या. शिबिरातल्या सगळ्या मुलींना गीताबाईंची म्हैस माहीत झाली होती, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या वर्षी अलिबागला तीन हजार मीटरला दर्शू पहिली आली. पूर्ण शर्यतीत ती एक शब्द बोलली नाही, आणि या खेपेला तिला कोणी सांगितलंही नव्हतं. ती इतक्या जोरात पळत होती की बोलायचं राहूनच गेलं. अश्वजित सरांनी धावपट्टीच्या कडेने तिच्याबरोबर दहा-बारा पावलं पळून दाखवलं आणि मग ते खाली बसले.

सुम्बुल दुसरी आली. तिने दर्शूच्या पाठीवर थाप मारली, पण नंतर दोन दिवस ती तिच्याशी बोलली नाही. नेहमीच्या मानाने हे दोन दिवस जास्त होते, असं जुल्फिकारचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ती मामूच्या मोटारसायकलवरून घाटाखाली उतरली, वाकून बुटाची नाडी घट्ट केली आणि दर्शूकडे न बघता म्हणाली, "चल. आज मी तुला मागे टाकणार आहे."

"टाक ना," दर्शू म्हणाली. आणि दोघी चढाला लागल्या.